शिक्षा आणि सांधणी : टॉलस्टॉय व गांधी यांच्या दोन शालेय प्रसंगांची चिकित्सा

शाळेतील शिस्तीसंबंधी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : मुलाला शिक्षा करावी की करू नये? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केल्यापासून या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर मिळाले आहे. परंतु छडी खाली ठेवल्यावर शिक्षकाने हाती काय घ्यावयाचे, हे कायदा सांगत नाही. सांगूही शकत नाही. पाश्चात्त्य देशांत गेल्या काही दशकांत 'पुनःस्थापक शिस्त' या नावाने पुढे आलेला विचार हे उत्तर देऊ पाहतो. त्या विचाराच्या उजेडात दोन जुने शालेय प्रसंग पुन्हा वाचावेत, आणि त्या प्रसंगांच्या कसोटीवर तो विचारही घासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विचाराचे मूळ शाळेत नाही, न्यायदानात आहे. हॉवर्ड झेर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'चेंजिंग लेन्सेस' या ग्रंथात त्याची मांडणी आढळते. कोणता नियम मोडला, कोणी मोडला आणि त्याला दंड काय, हे रूढ न्यायाचे प्रश्न होत. त्यांच्या जागी इजा कोणाला झाली, त्याची गरज काय आणि ती भागविण्याची जबाबदारी कोणाची, असे प्रश्न विचारावेत, असे झेर यांचे म्हणणे आहे. अपराध म्हणजे नियमाचा भंग नव्हे, नात्याचा भंग होय, हे त्याचे सार.

आता पहिला प्रसंग पाहू. टॉलस्टॉय यांनी यास्नाया पोल्याना येथे १८५९ मध्ये शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि १८६२ मध्ये त्याच नावाच्या मासिकातून तिचे वर्णन लिहिले. शाळेत चोरी झाली, चोर सापडले, निवाडा टॉलस्टॉय यांनी मुलांवरच सोपविला. मुलांनी असे ठरविले की, अपराध्यांच्या अंगरख्यावर 'चोर' अशी चिठ्ठी शिवावी. ज्या मुलाने वर्षापूर्वी 'लबाड' अशी चिठ्ठी स्वतः अंगावर वागविली होती, त्याचाच या शिक्षेसाठी सर्वांत अधिक आग्रह होता. पुढे शिक्षा झालेल्यांपैकी एकाने वीस कोपेक चोरले आणि चिठ्ठी पुन्हा चढली. तेव्हा त्याचा पांढरा पडलेला, निबर होत चाललेला चेहरा पाहून टॉलस्टॉय यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी ती चिठ्ठी फाडून टाकली आणि मुलाला मोकळे सोडले.

हा प्रसंग शिक्षेविरुद्धचा पुरावा म्हणून वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. चिठ्ठी फाडल्याने अन्याय थांबला. सांधले मात्र काहीच गेले नाही. मुलांच्या सभेत चर्चा झाली ती शिक्षेच्या प्रकाराची. घेतलेले परत कसे द्यावे आणि तुटलेला विश्वास कसा जोडावा, हा तिचा विषयच झाला नाही. टॉलस्टॉय यांनी शिक्षा काढून घेतली, पण तिच्या जागी काही ठेवले नाही.

दुसरा प्रसंग गांधीजींच्या आत्मकथेतील आहे. जोहान्सबर्गजवळ १९१० मध्ये स्थापन झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर एक सतरा वर्षांचा उद्दाम, खोटे बोलणारा, भांडखोर मुलगा होता. एके दिवशी त्याने फार दांडगाई केली. समजावूनही तो ऐकेना, तेव्हा गांधीजींनी हाताशी असलेली रूळ त्याच्या दंडावर मारली. मारताना त्यांचे अंग कापत होते. मुलगा रडला आणि त्याने क्षमा मागितली. पण वेदनेने नव्हे, तर आपल्या गुरूला झालेले दुःख ओळखून, असे गांधीजी लिहितात. तरीही त्या हिंसेचा त्यांना अखेरपर्यंत पश्चात्ताप राहिला. पुढे फिनिक्स येथे दोघा आश्रमवासीयांचे नैतिक पतन झाल्याचे कळताच त्यांनी सात दिवस उपवास केला. शिष्याच्या दोषात गुरूचाही वाटा असतो, अशी त्यांची धारणा होती.

येथे टॉलस्टॉय यांच्यापुढे एक पाऊल पडले आहे. नाते सांधले गेले, आणि शिक्षकाने आपला वाटा उचलला. परंतु हे सांधणे गुरू आणि शिष्य या दोघांपुरतेच आहे. ज्या मुलांशी तो भांडत असे ती कथनात कोठेच बोलत नाहीत. शिवाय अशी सांधणी शिक्षकाच्या असामान्य नैतिक अधिकारावर उभी राहते. साठ मुलांच्या वर्गातील सामान्य शिक्षकाला तो अधिकार कोठून येणार?

पुनःस्थापक विचाराचे खरे मोल येथे दिसते : ज्याला इजा झाली त्या मूक तिसऱ्याला तो बोलते करतो. पण त्याच्या पुरस्कर्त्यांनी यास्नाया पोल्यानाचा धडा विसरू नये. मुलांना गोलाकार बसवून अपराध्याला मध्ये घेतल्याने न्याय होतोच असे नाही. 'चोर' ही चिठ्ठीही मुलांच्या सभेनेच शिवली होती. अपराध्याला परत सामावून घेणारी लाज आणि त्याला कायमचा डाग लावणारी लाज यांतील जो भेद जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ मध्ये दाखविला, तो येथे निर्णायक ठरतो.

अनुभवाचा पुरावाही संमिश्र आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील ४४ शाळांच्या अभ्यासाचा रँड संस्थेचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीने निलंबनाचे दिवस घटले आणि शिक्षकांच्या मते शाळेचे वातावरण सुधारले. परंतु सहावी ते आठवीच्या मुलांची अभ्यासातील कामगिरी खालावली.

म्हणून ही पद्धत म्हणजे शिक्षेला पर्याय म्हणून शाळेत आणून बसवावयाचे यंत्र नव्हे. आपल्या वर्गांतून छडी गेली, तरी 'मठ्ठ', 'वांड', 'वाया गेलेला' या न शिवलेल्या चिठ्ठ्या अजून मुलांच्या अंगावर आहेत. टॉलस्टॉय यांनी चिठ्ठी फाडली. गांधीजींनी दोषातील आपला वाटा मान्य केला. ज्याचे नुकसान झाले त्या मुलाला, 'तुला काय हवे?' असे विचारण्याचे काम मात्र या दोघांनीही आपल्यासाठी शिल्लक ठेवले आहे.