पाण्यावरची भाकर

बायबलमधल्या ‘उपदेशक’ या ग्रंथाचा अकरावा अध्याय ज्या वचनाने उघडतो, त्यात घडते म्हणावे तर एवढेच: भाकर पाण्याच्या स्वाधीन करायची, आणि पुष्कळ दिवस लोटल्यावर ती आपली आपल्याला गवसेल असा भरवसा धरायचा. ईयोब, नीतिसूत्रे, उपदेशक या ज्ञानग्रंथांत गहन वचनांना तोटा नाही. पण इतक्या घरगुती वस्तूंनी घडलेले आणि तरीही हातातून इतके निसटणारे वचन क्वचितच भेटते. आदिलाबाद जिल्ह्यात, बेला-जैनथकडच्या काळ्या रानात, पलीकडचे यवतमाळ आणि अलीकडचे तेलंगण यांच्या मधून पैनगंगा वाहते, तिथे बसून ते वाचावे असे मला फार वाटते. भाकर, पाणी आणि वाट पाहणे या तिन्ही गोष्टी तिथे रोजच्या आहेत.

आधी भाकरीपाशीच थांबू. कवीने बी म्हटलेले नाही, धान्यही म्हटलेले नाही. भाकर म्हणजे अन्नाचे अखेरचे रूप. ज्वारी पेरली, निंदली, राखली, कापली, मळली, दळली, थापली, तव्यावर टाकून निखाऱ्यावर फुगवली; आता तिचे काही व्हायचे उरलेले नाही, फक्त खायची. बी मातीत गेले तर उगवेल, नाणे दुसऱ्याच्या हाती गेले तर व्याज आणील. भाकर पाण्यात पडली की भिजते, तुटते, माशांच्या तोंडी जाते. जे परत येण्याची अजिबात शक्यता नाही, नेमके तेच कवीने निवडले आणि नेमक्या त्याच्याच परत येण्याची ग्वाही दिली! या वचनाची सारी अवघड गोडी या एका निवडीत साठवलेली आहे, आणि अर्थाची घाई केली की ती आपल्या जिभेवर रेंगाळायच्या आधीच सरते.

अर्थ अर्थातच पुष्कळ लावले गेले. अकराव्या शतकातला थोर यहुदी भाष्यकार राशी इथे दान पाहतो: ज्याची पुन्हा गाठ पडणार नाही असे वाटते, त्याच्यावरही उपकार कर. एकोणिसाव्या शतकातले भाष्यकार डेलित्श यांना यात समुद्रावरचा व्यापार दिसला. धान्य गलबतात भरून लाटांच्या हवाली करायचे आणि शलमोनाची जहाजे जशी तीन वर्षांतून एकदा परतत, तशी नफ्याची वाट पाहायची. कुणी म्हणाले, ही पुराच्या पाण्यावर केलेली पेरणी आहे. आणि 2002 साली मायकेल होमन या अभ्यासकाने तर असे सुचवले की, हे प्राचीन बिअरचे वर्णन असावे: भाकर पाण्यात घालायची, आंबू द्यायची, आणि काही दिवसांनी ती पेय होऊन हाती येते. मोहाची फुले भिजत घालणाऱ्या आदिलाबादच्या गावांना हा अर्थ ऐकून मुळीच नवल वाटणार नाही. मला हे सारेच अर्थ हवेसे वाटतात, एक व्यापाराचा सोडून. व्यापारी जे पाठवतो ते मोजून पाठवतो, आणि या वचनात मोजणारा माणूस कुठे दिसत नाही.

राशीच्या अर्थाची आपल्या कानांना मात्र आधीपासूनच ओळख आहे. निजामाच्या राज्यात वाढलेल्या या जिल्ह्यात मराठी, तेलुगू आणि गोंडीच्या जोडीने उर्दूही बाजारात बोलली गेली, आणि ‘नेकी कर, दर्या में डाल’ ही म्हण इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्याहूनही जुना सूर इजिप्तचा आहे. टॉलेमी राजांच्या काळातल्या एका पपायरसवर अंखशेशोंक याच्या नावाने उपदेश लिहिलेला आहे. त्यातही सत्कृत्य पाण्यात सोडायला सांगितले आहे, आणि पाणी ओसरले की ते सापडेल असे म्हटले आहे. आता हे शेजारी शेजारी ठेवून पाहा. आपली म्हण टाकून दे म्हणते आणि तिथेच संपते. परतीविषयी ती एक अक्षर बोलत नाही, हाच तिचा करारीपणा. इजिप्तचा ऋषी परतीची वेळ सांगतो, कारण नाईलचा पूर ओसरतो हे त्याला पक्के माहीत आहे. उपदेशक या दोघांच्या मध्ये उभा आहे. तो परत मिळेल म्हणतो, पण केव्हा ते सांगत नाही. केवळ ‘पुष्कळ दिवस’ एवढे अंतर मोकळे ठेवतो.

त्या मोकळ्या अंतराचे मला दिसलेले सर्वांत देखणे मराठी भाष्य कुठल्या टीकाग्रंथात नाही, ते केडगावला आहे. 1897च्या सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली-बायका आणल्या. अन्नच दुर्मीळ झाले होते तेव्हा अनोळखी तोंडांपुढे भाकर ठेवली. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल साध्या मराठीत उतरवायला घेतले. ते काम केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदन या आश्रमातच चालले आणि तिथल्याच बायकांनी त्याचे खिळे जुळवले, छपाई केली. 1922च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ 1924 साली बाहेर आला. त्या छापखान्यात उपदेशकाचे हे पान जुळत असताना शिशाची अक्षरे उचलणाऱ्या हातांचा विचार मनात आला की, वचनातले ‘पुष्कळ दिवस’ एकदम भरीव होतात.

आणि आता, अध्याय पुढे वाचू. या वचनाला खरी सोबत त्याच्या लगेच नंतरच्या पाच वचनांची आहे, आणि ती सगळी शिवारातली आहेत: भरलेले ढग, कोसळलेले झाड, वारा, आईच्या पोटात घडणारा जीव, बी आणि हात. पहिल्या वचनात निःशंक आश्वासन दिलेला हा कवी पुढच्या पाचांत चार वेळा म्हणतो की तुला ठाऊक नाही. आश्वासन एकदा, अज्ञान चारदा. या दोहोंत मेळ कसा घालावा, हे पंडितांना अवघड जाते. 7-8 जूनला मृग लागला की आदिलाबादचा कापूसवाला, घरी मराठी बोलणारा असो की मृगशिर कार्ते म्हणणारा तेलुगू असो, याच दोन गोष्टी एका वेळी मनात बाळगून रानात उतरतो. जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. पण कोरडवाहूला एकूण बेरीज उपयोगाची नसते, तो केव्हा पडतो हे लागते. सात जणांना, आठ जणांनाही वाटा दे, संकट कोणते येईल ते कळत नाही, असे दुसरे वचन सुचवते. पऱ्हाटीच्या ओळींत मध्येच तुरीचे तास धरणारा हात तेच करत असतो.

चौथ्या वचनाशी मात्र हा शेतकरी थोडा वाद घालील. वारा न्याहाळत बसणारा पेरत नाही, ढगांकडे पाहत राहणारा कापणी करत नाही, असे कवीचे म्हणणे. आभाळ न पाहता पेरले तर काय होते, हे दुबार पेरणी सोसलेल्या माणसाला कुणी सांगायला नको: पहिल्या सरीवर सरकी टाकली, अंकुर वर आले, पावसाने वीस दिवस दडी मारली, कोंब करपले, पुन्हा बियाण्याच्या दुकानापुढे रांग. तरीसुद्धा त्याच गावात धूळपेरणी करणारेही असतात. जमीन तापलेली, ढेकूळ हातात चुरगाळले तर भुकटी, ओलीचा मागमूस नाही, आणि बोटभर खोलीवर सरकी टोबून त्यावर पायाने माती ओढून बाई पुढच्या पावलावर सरकते. तिने आभाळ पाहिलेले नाही असे नव्हे; पाहिले, आणि मग हात थांबवला नाही. माझ्या मते उपदेशकाला हीच बाई अभिप्रेत आहे, आणि भाकर पाण्यावर सोडणारा हातही तिचाच.

म्हणून सहावे वचन मला पहिल्याचा अर्धा राहिलेला चरण वाटतो. सकाळी बी पेर, संध्याकाळीही हात आवरू नकोस, कारण यातले कोणते साधेल ते तुला ठाऊक नाही. हे की ते, एवढ्यावर कवी थांबला असता तर ती सावध माणसाची हुशारी ठरली असती. पण तो आणखी एक शक्यता अगदी हळू पुढे करतो: दोन्ही सारखीच चांगली निघतील. मृगाची पेरणी टिकली, नांगे भरलेलीही रोपे लागली, कापूस फुटला आणि मधली तूरही शेंगांनी लगडली, असेही एखादे साल येते. दिवाळीच्या आगेमागे वेचणीला गेलेल्या बायकांच्या ओट्या दुपारच्या आतच भरतात. साऱ्या ग्रंथभर सर्व काही व्यर्थ म्हणत आलेल्या या कवीला त्या सालासाठी आपल्या ओळीत जागा राखून ठेवावीशी वाटली.