किनारा आणि खाण

गोव्यातील हिप्पी जीवनाच्या आठवणींत भूमी येते ती बहुधा समुद्रकिनाऱ्यापुरतीच. क्लिओ ओड्झर यांच्या ‘गोवा फ्रीक्स’ (१९९५) या आत्मकथनात हणजूणची वाळू आहे, नशा आहे, बंडखोरीनंतरचे रितेपणही आहे. गाव मात्र पार्श्वभूमीलाच राहते. ज्या औद्योगिक संस्कृतीकडे पाठ फिरवून ही पिढी येथे आली, तिच्याच पोलादासाठी त्याच वर्षांत मांडवी-जुवारीतून बार्जा भरभरून लोहखनिज बाहेर जात होते. प्रतिसंस्कृतीच्या नजरेला ते दिसू नये, हे नवलच.

पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ ही कोंकणी कादंबरी १९७७ ची. खाणीमुळे शेताबरोबर घरही कसे उसवत जाते, हे तिने दाखवले. इंग्रजीत ती पोचली २००२ मध्ये. तोवर बाहेरच्या वाचकाच्या लेखी गोवा म्हणजे किनारा ठरून गेला होता. तिचा भर विघटनावर आहे. लढा येतो तो हार्टमन डिसूझा यांच्या ‘ईट डस्ट’मध्ये (२०१५). केपे तालुक्यातील खाणविरोधाचे हे इंग्रजी कथन संतापाच्या भरात विस्कळीत होते खरे. पण टेकडी उकरली की झरे आटतात, ही शेतकऱ्याची तक्रार तेथे पुराव्याच्या जागी येऊन बसते.