२९ पैकी २८ बरे! पण ‘बरे’ म्हणजे काय?

शस्त्रक्रियेनंतरच्या आतड्याच्या गळतीवर व्हॅक्यूम उपचार, या विषयावर वाचायला बसलात की एक पेपर हमखास समोर येतो: जर्मनीतल्या वाइडेनहागेन आणि सहकाऱ्यांचा, २००८ चा. आज त्याचीच जरा चिरफाड करू.

आधी मूळ भानगड समजून घेऊ. गुदाशयाचा कर्करोगग्रस्त भाग काढला की आतड्याची दोन टोकं जोडतात. हा सांधा नीट धरला नाही तर मल ओटीपोटात झिरपतो, पू साठतो. यावर उपाय असा: गुदद्वारातून एंडोस्कोप घालून पुवाच्या पोकळीत स्पंज बसवायचा आणि त्याची नळी बाहेर व्हॅक्यूमच्या बाटलीला जोडायची. पू सतत ओढला जातो, पोकळी आकसते, जखम तळापासून भरत येते. स्पंज मात्र दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो.

पेपरमध्ये २९ रुग्ण, त्यातले २८ बरे. उपचार सरासरी ३४ दिवस चालले, सत्रं सरासरी ११. आकडा झकास आहे. पण तीन गोष्टी खटकतात.

एक, तुलनेला दुसरा गटच नाही. शिवाय बहुतेकांना स्टोमा होता, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढून मल आधीच पिशवीत वळवलेला. मग श्रेय स्पंजचं किती, स्टोमाचं किती?

दोन, निवड. संसर्ग पोटभर पसरला तर सहसा थेट ऑपरेशन करावं लागतं. स्पंज मिळतो तो गळती एका जागी कोंडलेल्यांना. त्यांची तब्येत मुळातच बरी असते.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं: इथे ‘बरे’ म्हणजे पोकळी भरली. रुग्णाचा प्रश्न वेगळाच असतो: पिशवी कधी निघणार? निघाल्यावर शौचावर ताबा राहणार का? पोकळी भरूनही सांधा आखडू शकतो, पिशवी कायमची राहू शकते.

हा दोष लेखकांचा नाही. त्यांनी शीर्षकातच ‘नवी पद्धत’ म्हटलंय. ती करता येते, एवढं त्यांनी चोख दाखवलं. चूक होते ती तोच आकडा पुढे ‘यशाचं प्रमाण’ म्हणून फिरवण्यात. त्यामुळे या विषयावरचा पुढचा पेपर हातात आला, की टक्केवारीआधी एवढंच शोधा: वर्षभरानंतर किती जणांची पिशवी निघाली होती?