रद्द करणे आणि उच्छेद करणे

बाबासाहेबांच्या इंग्रजीतील ‘ॲबॉलिशन’ आणि ‘ॲनिहिलेशन’ या दोन शब्दांची आपल्या मराठी लेखनात सर्रास सरमिसळ होते. दोहोंनाही आपण ‘निर्मूलन’ म्हणतो आणि पुढे जातो. हा केवळ भाषांतराचा ढिलेपणा नाही. त्यामागे विचाराची पळवाट आहे.

‘ॲबॉलिश’ करते ती सत्ता. एखादी प्रथा ती कायद्याने रद्द करते. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी रद्द झाली ती घटनादुरुस्तीने. भारतीय संविधानाच्या १७ व्या कलमातही हेच क्रियापद आहे. पण ते अस्पृश्यतेला लागू आहे, जातीला नव्हे. १५ वे कलम जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करते. जातच रद्द झाल्याची घोषणा मात्र संविधानात कोठेही नाही. ‘ॲनिहिलेशन’च्या पोटात ‘काहीही नाही’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. मागे काही उरूच नये, असा हा नाश. तो हुकमाने होत नाही.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अधिवेशन रद्द केल्यावर १९३६ साली बाबासाहेबांनी आपले भाषण स्वतःच छापले आणि शीर्षकात ‘ॲनिहिलेशन’ हा शब्द घातला. आत त्यांनी ‘ॲबॉलिश’ही वापरला आहे, हे खरे. जात ‘ॲबॉलिश’ कशी करावी, असा प्रश्न ते विचारतात. पोटजाती मोडण्याचा उपाय नाकारतात, सहभोजन अपुरे ठरवतात. खरा उपाय आंतरजातीय विवाह, असे सांगून तो होत का नाही याच्या मुळाशी जातात आणि शास्त्रांच्या प्रामाण्यावरच घाव घालतात. प्रश्न ‘ॲबॉलिशन’चा होता, उत्तराला ‘ॲनिहिलेशन’ लागले.

अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा १९५५ चा कायदा १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. ही हत्यारे मोलाचीच आहेत. परंतु वाशीम जिल्ह्यातील जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीत चढणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही, म्हणून त्याच डब्यात सोयरिकीच्या गोष्टी निघाल्यावर ती विचारली जाणार नाही, असे कोण म्हणेल? पहिल्या ठिकाणी कायदा पोचतो. दुसऱ्या ठिकाणी माणसाचे मन बदलावे लागते.

म्हणून अस्पृश्यता ‘रद्द’ झाली आणि जातीचा ‘उच्छेद’ व्हायचा आहे, असेच आपण लिहावे, वर्गात असेच शिकवावे. दोहोंना एकच शब्द वापरला की सतरावे कलम दाखवून जातीचा प्रश्न मिटल्याचे सांगणाऱ्यांचे आयतेच फावते.