कळफलक कोणासाठी : नवख्यासाठी की सरावलेल्यासाठी?

परीक्षा जवळ आल्या की आमच्या सेलूतल्या शाळांत एक जुनाच प्रश्न नव्याने निघतो : प्रश्नपत्रिका टाइप कोण करणार? संगणक आहे, प्रिंटर आहे, काम करायला तयार असलेले शिक्षकही आहेत. तरी काम अडते, कारण मराठी टाइप करण्याची प्रत्येकाची रीत वेगळी. एक जण रोमन अक्षरांत लिहून त्याचे देवनागरी करून घेतो. दुसऱ्याने टंकलेखनाची परीक्षा दिलेली असते. त्याला टाइपरायटरचाच कळफलक लागतो. तिसरा 'इनस्क्रिप्ट' वापरतो. एकाच्या खुर्चीत दुसरा बसला की त्याला साधे 'सूचना' हे शीर्षकही लिहिता येत नाही.

अशा वेळी "सरांना कॉम्प्युटर जमत नाही" असे म्हणून आपण मोकळे होतो. आम्हाला वाटते, नापास करायचे असेल तर आधी कळफलकाची परीक्षा घ्यावी. म्हणून या तिन्ही मांडण्या एकाच कसोटीवर तपासून पाहू.

कसोटी कोणती?

नवखा आणि सरावलेला या माणसांच्या दोन जाती नव्हेत. एकाच माणसाच्या त्या दोन अवस्था आहेत. शिवाय साधन बदलले की सरावलेलाही पुन्हा नवखा होतो. मराठवाड्याला हे नवे नाही. १९४८ पर्यंत सेलू हैदराबाद संस्थानात होते आणि कचेरीची भाषा उर्दू होती. पुढे कारभार मराठीत आला तेव्हा उर्दू दफ्तरात मुरलेल्या कारकुनांना नव्याने सुरुवात करावी लागली.

तेव्हा 'हे साधन सोपे आहे का?' एवढेच विचारून भागत नाही. पहिल्या दिवशी ते वाट दाखवते का, शंभराव्या दिवशी वाटेतून बाजूला होते का, आणि पहिल्या दिवसापासून शंभराव्यापर्यंत नेणारा जिना त्यात आहे का, हे तीन प्रश्न विचारायला हवेत.

संगणकातल्या आज्ञांच्या यादीत असा जिना आढळतो. 'कॉपी' या शब्दासमोरच 'कंट्रोल आणि सी' असे लिहिलेले असते. नवखा यादी उघडून शब्द निवडतो. रोज नजरेस पडून ती जोडी त्याच्या लक्षात राहते आणि एक दिवस तो यादी न उघडताच काम उरकतो. दुसरा मार्ग कॅरोल आणि कॅरिथर्स या संशोधकांनी १९८४ साली मांडला. सायकलला आधाराची छोटी चाके लावतात तसे त्यांनी लेखनाच्या एका प्रणालीतील अवघड आज्ञा शिकाऊ माणसापुरत्या बंद ठेवल्या. शिकणारे लवकर कामाला लागले आणि चुका निस्तरण्यात त्यांचा कमी वेळ गेला.

फसलेला समतोलही पाहा. मायक्रोसॉफ्टच्या 'ऑफिस २०००' मध्ये फारशा न वापरलेल्या आज्ञा यादीतून आपोआप लपत असत. नवख्याला हवी ती आज्ञा दिसेना, आणि सरावलेल्याच्या हाताला पाठ असलेली जागा बदलू लागली. दोघांची सोय पाहता पाहता दोघांचीही गैरसोय झाली. वर्ड आणि एक्सेलमधून ही पद्धत २००७ च्या आवृत्तीत गेली.

टाइपरायटरची मांडणी

टाइपरायटरमध्ये सहसा ठोक्याबरोबर कागदाचा गाडा सरकतो. म्हणून कागदावर जे आधी दिसते ते आधी ठोकायचे. 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क. 'धर्म' लिहिताना रफार म नंतर, उच्चारात तो आधी असला तरी. काही अक्षरे तर अर्धे अक्षर आणि उभा दांडा असे दोन तुकडे जोडून बनतात. ही सारी यंत्राची गरज होती, भाषेची नव्हे.

सरावलेल्याला या मांडणीने वेग दिला, हे मान्य केलेच पाहिजे. मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या परीक्षा देऊन किती तरी जणांनी नोकरी मिळवली. पण नवख्याला त्यात धागा सापडत नाही. कोणते अक्षर कुठे, याला उत्तर एकच : पाठ करा. आणि ज्या यंत्रासाठी हे पाठांतर होते ते यंत्रच गेले. गोदरेजने टाइपरायटर बनवणे २००९ साली थांबवले. मांडणी मात्र संगणकात राहिली. आमच्या कसोटीवर तिला शेवटच्या पायरीचे गुण मिळतात, पहिलीचे नाहीत.

रोमनमधून मराठी

ही रीत नेमकी उलट आहे. इंग्रजी अक्षरे ओळखणारा पहिल्याच दिवशी मराठी लिहू लागतो. फोनवर मराठी लिहिणाऱ्या असंख्य लोकांना तिनेच धीर दिला. हे उपकार लहान नाहीत.

पण रोमनमध्ये 'एम-ए-एल-ए' लिहा. मला, मळा, माला की माळा? त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ यांना साध्या रोमन लिपीत वेगळी घरे नाहीत. म्हणून यंत्र पर्यायांची यादी पुढे करते आणि आपण निवडतो. वर्षभराच्या सरावानंतरही नजर त्या यादीवरच खिळलेली राहते. पहिली पायरी छान, पण पुढे जिनाच नाही.

शिक्षकांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. मराठी शाळेतल्या तिसरीच्या मुलीला मातृभाषेतला शब्द लिहिण्यासाठी आधी तो इंग्रजी अक्षरांत फोडावा लागतो. ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णयही बहुधा यंत्रच घेते. जे तिला उत्तम येते ते बाजूला ठेवून, जे कच्चे आहे त्याच्या आधाराने लिही, असे आपण तिला सांगतो.

इनस्क्रिप्ट : चांगला, पण मुका

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी १९८६ साली पुढे आणली, १९८८ मध्ये सुधारली, आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. विंडोजमध्ये ती २००० सालापासून तयारच मिळते. तिच्यात काय आहे ते पाहा. उजव्या हाताकडच्या दोन ओळी अशा :

वरची ओळ : ब ह ग द ज ड
मधली ओळ : प र क त च ट

र आणि ह क्षणभर सोडा. खाली कठोर व्यंजन, त्याच्याच वर त्याच वर्गातले मृदू व्यंजन! शिफ्ट दाबले की महाप्राण : क चा ख, ग चा घ, प चा फ, ब चा भ. आता डाव्या हाताकडे, शिफ्ट दाबून :

वरची ओळ : औ ऐ आ ई ऊ
मधली ओळ : ओ ए अ इ उ

इ च्या वर ई, उ च्या वर ऊ. शिफ्ट सोडले की त्याच जागी त्यांच्या मात्रा, आणि अ च्या जागी पाय मोडण्याची खूण. जोडाक्षर उच्चाराच्या क्रमाने होते : 'धर्म' म्हणजे ध, र, पाय मोडा, म. म्हणजे आपण पहिलीत शिकवतो ती वर्णमालाच हाताखाली आहे. ती समजून घेता येते आणि नंतर न पाहता चालवताही येते. नांदेडपलीकडे तेलुगूतही क ची कळ हीच आहे.

दोष आहेतच. अनुनासिके या शिस्तीत बसत नाहीत. म, न, ण खालच्या ओळीत आहेत. च, ज, ट, ड हे सगळे उजव्या करंगळीच्या वाट्याला आले आहेत, आणि मराठीत तर चा-ची-चे पावलोपावली येते. मराठीच्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळायलाच २००८ उजाडले.

पण सर्वांत मोठा दोष मांडणीत नाही, तिच्या सादरीकरणात आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कळफलकांवर फक्त रोमन अक्षरे असतात. मराठी भाषा सुरू करण्याची सोय संगणकाच्या पोटात कुठे तरी दडलेली असते. ती सापडलीच, तरी पडद्यावर कळफलकाचे चित्र आपोआप येत नाही. 'के' दाबल्यावर क आला तर ठीक. 'एच' दाबून प का आला, हे सांगायला कोणी नाही. इतकी तर्कशुद्ध रचना, आणि तिचा तर्क शिकणाऱ्यापासूनच लपवलेला! मग नवखा रोमनकडे वळला तर त्याला दोष कसा द्यावा?

उपाय अवघड नाही. मराठी निवडताच पडद्याच्या तळाशी कळफलकाचे चित्र यावे, वर्ग एकेका रंगात दिसावेत, सराव होईल तशी अक्षरे फिकी होत जावीत आणि हवे तेव्हा चित्र बंद करता यावे. जुन्या टंकलेखकाची मांडणीही पर्याय म्हणून राहू द्यावी. त्याने कमावलेला हात मोडायचे कारण नाही.

तोवर वर्गात एवढे करा. पुठ्ठ्यावर कळफलक आखा. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत फक्त प, क, त, च, ट लिहा आणि वरच्या ओळीत एकटा ग. बाकीची घरे मुलांना वर्णमालेवरून ओळखू द्या. संगणक लागत नाही. मुलांनी कोणती घरे बरोबर ओळखली आणि कुठे ती अडली, ते आम्हाला जरूर कळवा. अडलेल्या जागा म्हणजे मांडणीच्याच उणिवा असण्याचा संभव आहे.