अंतरवाली सराटी : टेहळणी, संदेशबंदी आणि अभिव्यक्तीच्या मर्यादा – एक चिकित्सा

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २९ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झालेल्या मनोज जरांगे पाटील यांच्या उपोषणामुळे राज्याच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आले. १ सप्टेंबर रोजी तेथे लाठीमार झाला. आंदोलक व पोलीस दोघेही जखमी झाले आणि काही दिवसांतच तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लाठीमाराबद्दल क्षमा मागितली. मराठा आरक्षणाच्या मागणीची ग्राह्याग्राह्यता हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. लाठी दिसते, म्हणून तिचा जाब विचारता येतो. त्यानंतरच्या काळात याच परिसरात शासनाची जी न दिसणारी साधने चर्चेत आली, त्यांच्या उत्तरदायित्वाची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे.

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. हैदराबाद संस्थानात ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने परवानगीवाचून जाहीर सभा घेण्यास मनाई होती. इंग्रजी मुलुखात पद्धत वेगळी होती. तेथे मुंबई सरकारचे भाषांतरकार देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे साप्ताहिक अहवाल तयार करीत आणि पोलीस खात्याचे गुप्त गोषवारे वेगळे निघत. (स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधने म्हणून मुंबई सरकारने १९५७ पासून जे खंड प्रसिद्ध केले, त्यांतील बराच मजकूर याच दप्तरातला आहे. पाळतीचे कागद इतिहासकाराला उपयोगी पडतात, पण पाळतीखाली जगणाऱ्याला ते कधी वाचायला मिळत नाहीत.) निझामाने बोलण्याआधी अडवले, तर इंग्रजांनी बोलू देऊन नोंद ठेवली. स्वतंत्र भारतातील प्रशासनाने या दोन्ही रीती उचलल्या, असे म्हणण्यास आधार आहे.

जुलै २०२४ मध्ये अंतरवाली सराटीवर रात्रीच्या वेळी ड्रोन घिरट्या घालीत असल्याच्या ग्रामस्थांच्या तक्रारीचा प्रश्न विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवार यांनी विधानसभेत उपस्थित केला. ड्रोन कोणाचे, हा भाग महत्त्वाचा खराच. परंतु आपल्या छपरावर कोणाचा डोळा आहे हे कळण्यासाठी एका गावाला विधानसभेपर्यंत जावे लागावे, ही बाब अधिक बोलकी आहे. ड्रोन नियम, २०२१ हे यंत्राची नोंदणी, वजन, उड्डाणक्षेत्र यांचा विचार करतात. पोलिसांनी आंदोलकाच्या घराचे चित्रण केव्हा करावे, कोणाच्या लेखी आदेशाने करावे आणि ते किती काळ जपावे, याबाबत ते मौन पाळतात.

येथे खडकसिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९६२ च्या निवाड्याचे स्मरण अपरिहार्य ठरते. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या. मात्र घरावर गुप्त पहारा ठेवण्यास बहुमताने हरकत घेतली नाही, कारण त्यामुळे संचारास शारीरिक अडथळा होत नाही असे त्यांचे मत होते. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी भिन्नमत नोंदवले. सतत पाहिला जाणारा माणूस मनाने मुक्त राहत नाही आणि त्याचे बोलणेही मुक्त राहत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निवाड्याने खासगीपणास मूलभूत हक्काचा दर्जा दिला व खडकसिंग निवाड्यातील विसंगत भाग रद्द ठरवला. तेव्हापासून कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणशीरता या कसोट्या टेहळणीलाही लागू आहेत. उपोषणकर्त्याची सुरक्षितता हा वैध हेतू असू शकतो. पण तेवढ्याने कायद्याच्या आधाराची पहिली अट पूर्ण होत नाही. दारावर मध्यरात्री थाप मारणे १९६२ मध्येच निषिद्ध ठरले. छपरावरून न थाप मारता पाहण्यासंबंधीचा कायदा मात्र अद्याप लिहिला गेलेला नाही.

संदेशबंदीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली, माजलगाव येथे आमदार प्रकाश सोळंके यांचे घर पेटवण्यात आले. अशा वेळी शासनाने हात बांधून बसावे असे कोणी म्हणणार नाही. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली आणि जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत इंटरनेट बंद करण्यात आले. एका तालुक्यातील तणावासाठी तीन जिल्ह्यांचे मौन प्रमाणशीर होते काय? अनुराधा भसीन प्रकरणात (१० जानेवारी २०२०) न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करावेत व त्यांना आव्हान देता यावे असे बजावले होते. तथापि तेव्हा लागू असलेल्या २०१७ च्या नियमांनुसार आदेश गृहसचिवांचा आणि पुनर्विलोकन समिती मुख्य सचिव, विधी सचिव व आणखी एक सचिव यांची. म्हणजे एकाच इमारतीतील दालने. शिवाय समितीला पाच कामकाजी दिवसांची मुदत. बंदी काही तासांची असेल तर समितीसमोर पुनर्विलोकनासाठी उरते ती केवळ धारिका.

त्याआधीच्या दिवशी जरांगे पाटील यांनी फडणवीस यांच्यावर आपल्याला जिवे मारण्याच्या कटाचा आरोप केला होता. त्या भाषणातील काही उद्गार सभ्यतेची मर्यादा ओलांडणारे होते, हे नाकारता येणार नाही. २७ फेब्रुवारी रोजी विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी विशेष तपास पथकामार्फत चौकशीचे निर्देश दिले. बदनामीला कायद्यात स्वतंत्र उपाय आहे; हिंसेच्या चिथावणीलाही आहे. केदारनाथ सिंग (१९६२) आणि श्रेया सिंघल (२०१५) या निवाड्यांनी कटू टीका व प्रत्यक्ष चिथावणी यांत रेषा आखली आहे. बोलविता धनी कोण, अशा स्वरूपाचा तपास ही रेषा पुसट करतो, कारण तो शब्दांकडून बोलणाऱ्याच्या सोबत्यांकडे वळतो. अनुच्छेद १९४ मुळे सभागृहातील वक्त्याला न्यायालयापुढे उभे राहावे लागत नाही. उपोषणाच्या मांडवातील वक्त्याला तसे कवच नाही, आणि चौकशीची मागणी झाली ती कवच असलेल्या जागेतून.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केले. अंतरवालीशी त्याचा थेट संबंध नाही. संयुक्त समितीपुढे आलेल्या हजारो हरकतींनंतर मूळ मसुद्यातील ‘व्यक्ती’ हा शब्द मागे पडून रोख कडव्या डाव्या संघटनांकडे वळवण्यात आला, ही सुधारणा स्वागतार्ह खरी. परंतु संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा पहिला निर्णय शासनाकडेच आहे आणि सल्लागार मंडळ येते ते त्यानंतर.