मराठी वाङ्मयातील विसावा

श्रमाची थोरवी गाण्यात मराठी वाङ्मय कधीच मागे राहिले नाही. नांगरामागे चालणारा कुणबी, जात्याशी बसलेली सासुरवाशीण, गिरणीच्या भोंग्याबरोबर धावणारा कामगार, ही आमच्या साहित्याची मानाची पात्रे होत. परंतु काम संपल्यावर या माणसांचे काय होते, त्यांना अंग टाकावयास जागा आणि उसंत मिळते काय, हा प्रश्न आमच्या समीक्षेने क्वचितच विचारला आहे. आळस हा शत्रू आहे, हे आपण शाळेत पहिल्या इयत्तेपासून शिकवतो. आळस आणि विश्रांती यांतील भेद मात्र शिकवावयाचा राहून जातो.

वस्तुतः आपली भाषा या बाबतीत आपल्याहून शहाणी आहे. 'विश्रांती' या शब्दाच्या पोटातच 'श्रम्' हा धातू आहे. ज्याने श्रम केले नाहीत त्याला विश्रांती नाही आणि ज्याने केले त्याची ती उरलेली मजुरी आहे. 'सुटी' या शब्दात सुटण्याचा, म्हणजे बंधन गळून पडण्याचा भाव आहे. 'रजा' हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ संमती. तो उच्चारताच देणारा धनी आणि मागणारा चाकर समोर उभे राहतात. 'विसावा' हा शब्द मात्र यांहून निराळा. पालखीच्या वाटेवर रात्रीचा तो मुक्काम आणि मध्ये घटकाभर टेकावयाचा तो विसावा. विसाव्याने वाट संपत नाही. पुढे चालता येते. ज्या भाषेने हे चार अर्थ इतके वेगळे ठेवले, त्या भाषेच्या वाङ्मयात त्यांचा शोध घेणे अनाठायी ठरू नये.

उचगावच्या परिसरातील वाचकाला हा विषय ग्रंथांतूनच समजावून घ्यावा लागेल असे नाही. बेळगाव-खानापूर भागातील गावांत 'वार पाळणूक' असते. ठरलेल्या वारी शेतात औत जात नाही, कोणी विळा-कुदळ उचलत नाही. निपाणी-कोल्हापूरकडे बेंदराच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. त्याला धुऊन, शिंगे रंगवून, पुरणपोळीचा घास देतात. या रूढींमागील श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. परंतु एक गोष्ट स्पष्ट दिसते. जी सवड मागून मिळाली नसती, ती गावाने देवाच्या नावावर जमा केली आणि कोणालाच ती नाकारता येणार नाही अशी व्यवस्था केली. मात्र त्याच दिवशी पुरणाचा घाट घालणाऱ्या घरच्या बाईला कोणता वार पाळावयाचा असतो? बैलाचा दिवस पंचांगात आहे, तिचा नाही.

हा प्रश्न मनात ठेवून जात्यावरच्या ओव्यांकडे पाहिले म्हणजे त्यांतील माहेराचा अर्थ पालटू लागतो. माहेराच्या ओव्या आपण वर्गात मायेची उदाहरणे म्हणून शिकवतो. मायेचे त्यांत उणे नाहीच. परंतु भाऊ न्यावयास येणार, सणाला जावयाचे, पहिल्या बाळंतपणाला आईपाशी राहावयाचे, या साऱ्या अपेक्षांच्या मुळाशी थकलेल्या शरीराची मागणी आहे. माहेरपण ही समाजाने स्त्रीला मंजूर केलेली जवळजवळ एकमेव रजा होती आणि तीही सासरच्या संमतीवाचून मिळत नसे. संतांनी पंढरीला माहेर म्हटले, तेव्हा त्या रूपकाला बळ आले ते या अनुभवामुळेच. 1952 साली प्रसिद्ध झालेल्या 'बहिणाबाईंची गाणी' या संग्रहात तर हा विचार आणखी एक पाऊल पुढे गेलेला दिसतो. लेकीच्या चार दिवसांच्या विसाव्याचे मोल तिची आई आपले सारे आयुष्य सासरच्या घरात घालून देते, हा आशय तेथे आला आहे. एकीची विश्रांती दुसरीच्या श्रमावर उभी असते, हे सत्य पुस्तकी विद्या न लाभलेल्या या कवयित्रीने ओळखले. आमच्या समीक्षेने त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

रूढीने दिलेली सवड हक्क म्हणून मागण्याचे कार्य नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. 1884 साली मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांनिशी त्यांनी जो अर्ज केला, त्यात रविवारची पूर्ण सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या होत्या. 24 एप्रिल 1890 च्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी 10 जूनपासून रविवारची सुटी लागू झाली. आज शिक्षक, कारकून आणि लेखक ज्या रविवारी निवांत वाचीत बसतात, तो रविवार असा मिळालेला आहे. विसाव्या शतकात बहरलेला आमचा लघुनिबंध या निवांतपणातून फुलला. पण त्या रविवारचे मूल्य ज्यांनी दिले त्यांची विश्रांती त्याच्या कक्षेत फारशी आली नाही.

ती उणीव ज्या थोड्या लेखकांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला त्यांत निपाणीचे महादेव मोरे यांचे नाव घेतले पाहिजे. तंबाखूच्या वखारीतील बाया, टॅक्सीचालक, गॅरेजमधील पोरे ही त्यांची माणसे. निपाणीत विडी वळणाऱ्या स्त्रीची मजुरी हजारावर मोजली जाते. जो दिवस ती आडवी होईल तो दिवस कोराच जातो. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्यात साप्ताहिक सुटीची तरतूद होती खरी. परंतु घरच्या उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईचा रविवार कोण मोजणार? स्वतः मोरे पिठाची गिरणी चालवीत लिहीत राहिले. 2024 साली ते निवर्तले, तेव्हाही त्यांच्या या कष्टांचे कौतुक झाले. कौतुक योग्यच आहे. तथापि, त्यांना सवड मिळती तर आणखी काय लिहून झाले असते, हेही समीक्षेने विचारावयास हवे. लेखकाच्या ओढगस्तीला त्याचा अलंकार समजणे ही रसिकता नव्हे.

यावर कोणी म्हणेल की, विश्रांतीत नाट्य नाही. संघर्ष श्रमातच असतो. आमच्या मते हा समज अपुरा आहे. काम करीत असता माणूस बहुधा दुसऱ्याच्या मर्जीने हालतो. स्वतःच्या मनाशी तो बोलतो ते घटकाभर टेकल्यावर. दुखण्यातून उठणाऱ्याला सक्तीने पडून राहावे लागते, तेव्हा घरातील प्रत्येकाचे खरे रूप त्याला दिसते. यांहून अधिक नाट्य कथाकाराला कोणते हवे?

म्हणून सीमाभागातील शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते. कथा किंवा कविता शिकवताना 'येथे कोण राबतो' या प्रश्नाबरोबरच 'येथे कोणाला विसावा मिळतो, आणि तो कोणाच्या जिवावर' हाही प्रश्न मुलांपुढे ठेवावा. उचगावच्या साहित्य संमेलनात श्रोता म्हणून बसलेला शेतकरी आपल्या कामाचा एक दिवस देऊन आलेला असतो. त्याच्या शेजारची जागा त्याच्या घरच्या बाईसाठी रिकामी आहे काय, हे पाहणे हेही वाङ्मयाचेच काम आहे.